बीमखाली नऊ फूट तीन इंच

अनंता,

परवा तुझ्या गॅरेजची उंची मी परत मोजली. स्लॅबखाली दहा फूट एक इंच, बीमखाली नऊ फूट तीन इंच. काही बदललेलं नाही, आणि बदलणार तरी काय होतं? तू गेल्याला अडीच महिने झाले आणि तेवढ्यात हे मोजायची माझी ही चौथी वेळ. टेपचं दुसरं टोक धरायला कोणी नसतं. शिडीवर चढून वरून पट्टी सोडतो, मग खाली उतरून वाकून आकडा बघतो. सुमनवहिनी जिन्याच्या दारातून बघत असतात.

तुझ्या दहाव्याला, तेराव्याला लोक खूप बोलले. गावासाठी तू काय केलंस, डेपोत तुला किती मान होता, सगळं झालं. मी एका कोपऱ्यात बसून ऐकत होतो आणि डोक्यात एकच चाललेलं, की पाच फूट सहा इंच कशाला पाहिजे होते तुला? त्यावरूनच आपलं शेवटचं भांडण झालं आणि ते तू अर्धवट टाकून गेलास. म्हणून हे लिहितोय. तुला सगळं माहीत आहे तरी पहिल्यापासून लिहितोय, कारण मलाच नीट संगती लागत नाहीये.

सुरुवात खड्ड्यापासून झाली. खोपटच्या एसटी डेपोत तू मेकॅनिकची सगळी नोकरी खड्ड्यात उभं राहून केलीस. वर बस, खाली तू. रिटायर झालास आणि मोहने गावात एका म्हाताऱ्या डॉक्टरांच्या अंगणात कित्येक वर्षं पडून असलेली ती पांढरी गाडी टेम्पोवर घालून घेऊन आलास. मग घराखालच्या गॅरेजात तसाच खड्डा खणायचं तुझ्या मनाने घेतलं. मी म्हणालेलो, "अरे, कोपरला राहतोस तू. खाडी कुठे आहे बघ. तुझ्या आजोबांनी याच जमिनीत मीठ पिकवलंय, तिथे खड्डा कसला खणतोस?" तू ऐकलं नाहीस. दोन फुटांवर पाणी लागलं. भरतीला चढायचं, ओहोटीला उतरायचं. दोन दिवस तू त्याच्या काठावर खुर्ची टाकून बसलेलास. तिसऱ्या दिवशी मी आलो तेव्हा बोट बुडवून जिभेला लावलंस आणि म्हणालास, "खारा हाय रे, ड्राफ्समन." मग खड्डा बुजवलास.

ड्राफ्समन. माझं नाव विनायक आहे हे तुझ्या घरात फक्त वहिनींना माहीत असावं. तुझ्या वडिलांच्या चाळीत आम्ही भाडेकरू म्हणून आलो तेव्हा आपण दोघं सातवीत होतो. पुढे मी जन्मभर दुसऱ्यांच्या इमारतींचे नकाशे काढले, आणि चाळ पाडून तू घर बांधलंस त्याचा नकाशाही मीच काढला. म्हणजे तो गॅरेजवरचा आडवा बीमही माझाच. हिशोब इंजिनियरचा, पण कागदावरची रेघ माझी. त्या बीमवर तुझं स्वयंपाकघर उभं आहे. तो कापता येणार नव्हता, हे तुलाही कळत होतं.

तर खड्डा गेला आणि लिफ्ट आली, म्हणजे तुझ्या डोक्यात आली. गाडी खालून उचलून धरणारी, मोठ्या गॅरेजात असते तशी. घरी लिफ्ट बसवणारा माणूस मी पाहिलेला नव्हता. आपण दोघांनी मिळून किती माहिती काढली, कल्याणपर्यंत जाऊन किती गॅरेजं बघितली. दोन खांब वरून जोडलेले असतात, त्या लिफ्टला बारा फूट उंची लागते, म्हणजे ती बाद. चार खांबांच्या लिफ्टचा फलाटच मध्ये येतो. राहिल्या दोन. एक कात्रीसारखी उघडणारी, कमी उंचीची. दुसरी दोन खांबांचीच, पण खांब वरून न जोडता जमिनीवर एका पट्टीने जोडलेले. उंची कमी असलेल्या जागेसाठीच ती बनवतात.

मी कात्रीच्या बाजूने होतो. गाडी साडेतीन-चार फूट उचलली की पुरे. खाली चाकाच्या स्टुलावर बसायचं आणि काम करायचं. ना बीमचा प्रश्न, ना जमीन फोडायचा.

"बसून नाय," तू म्हणालास. "उभं रावाचं हाय."

"दोन खांबांची घेतलीस तरी बीम आहेच ना. बीमखाली नऊ-तीन. गाडी चार-दहा. वर तीन इंच मोकळे सोड. उरले चार फूट दोन इंच. चाकं चार-दोनवर, गाडीचं पोट फार तर चार-आठवर. त्यात कसा उभा राहशील?"

"पोट पाच-सहावर पायजे."

"का पण? तुझी उंची पाच-नऊ. पाच-सहा मिळालं तरी तुला वाकायलाच लागणार. मग बसायला काय होतंय?"

"पाच-सहा मिळालं की बास," तू म्हणालास. "गाडी उलटी घाल."

हे उलटी घालायचं तू चार-पाच वेळा बोललास. मला वाटलं, हट्टाला पेटलायस. मी म्हणालो, गाडी उलटी घातली की बीम काय वर सरकतो का? तू टेप माझ्या हातात आपटलीस. "तुला बिल्डिंग दिसते रे. गाडी दिसत नाय."

मी टेप गाडीच्या टपावर ठेवली आणि निघून आलो. पाच दिवस आलो नाही. तूही फोन केला नाहीस. पन्नास-बावन्न वर्षांत असे अबोले बरेच झालेत आपले, त्याचं काही नाही. एरवी सहाव्या-सातव्या दिवशी तूच यायचास, काही झालंच नाही असा. सहाव्या दिवशी दुपारी वहिनींचा फोन आला. जेवून खुर्चीत बसलेलास आणि बसल्या बसल्याच गेलास.

तू खुर्चीत झोपायचास हे मला माहीत नव्हतं. तेरावं झाल्यावर वहिनी बोलता बोलता म्हणाल्या, "तीन महिने झाले, भाऊजी, ते आडवं पडतच नव्हते. आडवं पडलं की दम लागायचा. डॉक्टरांनी हृदयाचं सांगितलेलं. तुम्हाला सांगू नको म्हणाले."

मला का सांगू नको? मी काय केलं असतं? लिफ्टचा नाद सोड म्हणालो असतो, हे खरं. पण मग मला आणखीच कळेनासं झालं. आडवं पडता येत नाही म्हणून गाडीखाली सरकणं बंद झालं, इथपर्यंत ठीक. स्टुलावर बसता तर येत होतं. उलट तीन महिने तू बसूनच होतास. ज्याला दोन पायऱ्या चढून दम लागतो तो उभं राहायचं म्हणून का अडून बसतो?

तुझ्यावर राग येत होता. अजूनही येतो अधूनमधून.

त्याच आठवड्यात मी घरी गॅरेजचा छेद, म्हणजे बाजूने कापल्यासारखा नकाशा, काढला. गॅरेजची लांबी, स्लॅब, बीम, खांबांच्या जागा. पुठ्ठ्याची गाडी कापली त्याच मापात, पुढे बॉनेट, मध्ये टप, मागे डिकी. कागदावर ठेवून वर सरकवली. टप बीमला लागला, चार-दोनवर. मी सांगितलेलं तेच. मग म्हटलं, तुझं एकदा ऐकून बघू. पुठ्ठा उलटा फिरवला, डिकी आत आणि बॉनेट दाराकडे.

अनंता, बीमखाली बॉनेट आलं. बॉनेट सव्वातीन फूट उंच. टप सगळा बीमच्या पलीकडे, दहा-एकच्या स्लॅबखाली. गाडी सरळ पाच फूट वर गेली. चाकं पाच फुटांवर आणि पोट पाच-सहावर. दहा इंच मिळाले, काहीही न फोडता. शाळेतल्या पोराला जमलं असतं. मी पुठ्ठा हातात धरून बसून राहिलो. हिने विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "अनंता बरोबर होता." ती म्हणाली, "मग रडताय कशाला?" बरोबर होतास याचं वाईट वाटत होतं की सांगायला तू नाहीस याचं, कोण जाणे.

मी तो कागद घेऊन वहिनींकडे गेलो. त्यांना त्यातलं किती कळलं ठाऊक नाही. पुठ्ठ्याची गाडी मात्र त्यांनी दोनदा पुढेमागे करून बघितली. म्हणाल्या, "बसवून टाका."

"आता कोणासाठी, वहिनी?"

"ते मला नाय माहीत. त्यांनी ठरवलेलं ना? मग बसवा."

लिफ्ट बसवणारा माणूस कल्याणहून आला. चाळिशीचा असेल, सुधाकर नावाचा, बोलायला मोकळा. त्याने आधी वहिनींना नमस्कार केला, मग गॅरेज बघितलं, कोबा ठोकून बघितला आणि म्हणाला की हा चार इंची कोबा चालणार नाही, खांबांखाली फूटभर तरी पक्कं काँक्रीट पाहिजे आणि ते महिनाभर सुकायला पाहिजे. फूटभर चालेल, मी मनात म्हटलं, पाणी दोन फुटांवर आहे. मी त्याला माझा छेद दाखवला. त्याने एक नजर टाकली आणि म्हणाला, "हो, उलटी. अनंताशेठनी फोनवर हेच सांगितलेलं. वर दांडी बसवू, टप स्लॅबजवळ आला की लिफ्ट आपोआप थांबेल."

मग माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघत म्हणाला, "काका, तुम्हीच का ते पाच-चार?"

"म्हणजे?"

"शेठ म्हणालेले, खाली उभं राहणारा माणूस पाच-चारचा आहे, त्याला मान वाकवायला लागता नये. त्यावरूनच मी पाच-सहा काढून दिले."

माझी उंची पाच फूट चार इंच. शाळेत रांगेत मी तुझ्या पुढे असायचो. पण मी गाडीखाली? मला गाडीतलं काय कळतं? पाना कुठल्या बाजूला फिरवायचा ते मी तुला विचारत आलोय. तुझा बेत काय होता मग? तू खुर्चीत बसणार, मी खाली उभा राहणार आणि तू सांगशील तसं करणार? माझा गुडघा दुखतो, मला स्टुलावर बसता-उठता येत नाही, हे ध्यानात ठेवून तू माझ्याशी इतका भांडत होतास? मग तसं बोलायचं की नाही?

खरं सांगतो, मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. घरी चालत जाताना रस्ताभर मी एकटाच हसत होतो.

दुसऱ्या दिवशी वहिनींना सांगितलं. त्या कोथिंबीर निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "मनी पण पाच-चारच हाय."

तुझी मनीषा. ही गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती.

मला कसं कोण जाणे, पण वाईट वाटलं. मेलेल्या मित्राच्या मुलीचा हेवा करतोय म्हणून स्वतःची लाजही वाटली. मग आठवायला लागलं. लहानपणी ती तुझ्या स्कूटरचे पार्ट अंगणात वर्तमानपत्रावर मांडून बसायची आणि तू तिला प्रत्येकाचं नाव विचारायचास. दहावीनंतर तिला ऑटोमोबाईलच्या डिप्लोमाला जायचं होतं, फॉर्मसुद्धा आणलेला. तू तो फॉर्म खिशात घालून माझ्या घरी आलेलास. आमच्या गॅलरीत बसलास, चहा घेतलास. "काय करू रे?" म्हणालास. मी काय म्हणालो ते मला आठवतं असं मी आजपर्यंत धरून चाललेलो. मी म्हणालो, "तुझी पोरगी, तू बघ." ती कॉमर्सला गेली. बँकेत लागली, लग्न झालं, ठाण्याला राहायला गेली. तुझ्या घरी यायची, पण खाली अंगणात थांबायची नाही. गॅरेज झालं तेव्हा तिने आत डोकावूनही बघितलं नाही, हे तूच मला सांगितलेलंस. माझ्याशीही तिचं पाया पडून "कसे आहात काका" एवढंच. नोकरीवाली बाई, घाईत असते, असं मी समजायचो.

काँक्रीट सुकलं. गेल्या रविवारी लिफ्ट बसली आणि वहिनींनी मनीला बोलावून घेतलं. गाडी उलटी आत घालायची होती. सुधाकर म्हणाला, मी घालतो. मनी म्हणाली, "चावी द्या." दोन्ही खांबांच्या मधून एका दमात तिने गाडी मागे घेतली. एकदाही पुढे घेतली नाही. सुधाकरने चाकांपाशी वाकून बघितलं आणि लिफ्टचे हात गाडीखाली सरकवले.

लिफ्ट वर गेली. टप स्लॅबपासून तीन इंचांवर आला, दांडीला लागला आणि लिफ्ट थांबली. वहिनी दारातच उभ्या राहिल्या. त्यांनी पदर तोंडाला लावलेला. सुधाकर हत्यारं आवरायला बाहेर टेम्पोकडे गेला. मनी सरळ चालत गाडीखाली गेली, मान न वाकवता. मला म्हणाली, "या ना काका, टॉर्च धरा." मी गेलो. माझीही मान सरळच राहिली.

ती वर बघत एकेकाला हात लावत होती. सायलेन्सर इथे सडलाय, हा रबर बदलायला लागेल, ऑइल इथून गळतंय. कुठे शिकली कोणास ठाऊक. नजर वरच ठेवून तिने विचारलं, "काका, तेव्हा तुम्ही नको का म्हणालात?"

"केव्हा?"

"डिप्लोमाच्या वेळी. बाबा म्हणाले, मी तयार होतो, पण ड्राफ्समन नको म्हणाला. शिकलेला माणूस आहे, तो नको म्हणतोय तर नको."

पंचवीस वर्षं ही पोरगी हे मनात धरून माझ्या पाया पडत होती. आणि अनंता, तू माझं नाव घेतलंस? तिला नाही म्हणायची हिंमत झाली नाही म्हणून माझ्यावर ढकललंस? बाहेर येऊन तुझ्या हार घातलेल्या फोटोसमोर उभं राहून तुला शिव्या घालाव्यात असं वाटलं. आणि त्याच क्षणी दुसरंही वाटलं, की मी नक्की काय म्हणालेलो? "तुझी पोरगी, तू बघ." त्याच्या आधी काही म्हणालेलो का? मुलीच्या जातीला गॅरेजात कोण नोकरी देणार, असं काहीतरी? त्या काळी मी असं बोलायचो. सगळेच बोलायचे. गॅलरी आठवते, तुझा शर्ट आठवतो, खिशातून वर आलेली फॉर्मची घडी आठवते, माझे शब्द आठवत नाहीत.

मनी थांबली होती.

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? तिचा बाप खोटं बोलला, एवढंच तिला कळलं असतं, तेही त्याच्याच लिफ्टखाली उभं असताना. आणि मला तरी ते खरं आहे हे कुठे माहीत होतं?

मी म्हणालो, "चुकलं माझं, मनी."

हाताला लागलेला काळा ग्रीस पुसायला तिने फडकं शोधलं. मिळालं नाही तेव्हा ड्रेसलाच पुसला. मग म्हणाली, "बाबांनी ही पाच-सहाची उंची माझ्यासाठी धरलेली, असं आई म्हणते."

"हो," मी म्हणालो. "तुझ्यासाठीच."

हेही मी बोललो. ते माझ्यासाठी असेल, ही आशा अजून सुटलेली नाही माझी, तरी बोललो. बोललो तेव्हा जड गेलं नाही. ते आता जातंय.

पुढच्या रविवारी ती सायलेन्सर सोडवायला येणार आहे. "जुने कपडे घालून या, काका," असं बजावून गेलीय. मी येतो म्हणालोय. वहिनी म्हणाल्या, जेवायलाही इथेच थांबा. सगळं ठीक चाललंय म्हणायचं. तुझ्यावर रागवावं की तुझे आभार मानावेत, हे रोज सकाळी वेगळं ठरतं आणि संध्याकाळपर्यंत बदलतं. ते चालेल, त्याची सवय होईल मला. पण त्या गॅलरीत त्या दिवशी आपण दोघंच होतो रे. दुसऱ्या कोणाला विचारू? मी खरंच नको म्हणालेलो का, अनंता?